सर्दीची गोळी, फिटची गोळी आणि मुलांचा अभ्यास : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात औषधांच्या साइड इफेक्टबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, आणि मला अपेक्षा होती की लोक बीपी-शुगरच्या गोळ्यांबद्दल विचारतील पण बहुतेकांनी विचारलंय ते मुलांच्या अभ्यासाबद्दल. परीक्षेचे दिवस जवळ आलेत म्हणून असेल. फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारखीचा हा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे या वेळची सगळी जागा त्यालाच देतेय. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. दिवाळीनंतर तिचा त्रास सुरू होतो तो पार बोर्डाच्या परीक्षेपर्यंत, सकाळी उठल्या उठल्या वीस-पंचवीस शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं. मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळी घेतली की बरं वाटतं. पण प्रिलिमला मार्क एकदम खाली आले. मी म्हणते गोळीमुळे, ती म्हणते मला झोप येतच नाही तर गोळीचा काय संबंध. पेपरच्या दिवशी गोळी द्यायची की नाही? – एक आई, नाशिक

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि तुमच्या मुलीचं म्हणणंही खोटं नाही. सगळी गंमत तिथेच अडकलीये, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ते पाकीट उलटं करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे सर्दीच्या नावाने ज्या गोळ्या सर्रास मिळतात त्यात पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिनच्या जोडीला बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन मॅलिएट असतं. हे जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन. हिस्टामिन नाकात शिंका आणतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण हेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं ठेवायचं, लक्ष एका जागी धरून ठेवायचं काम करतं. जुन्या गोळ्या नाकातलं हिस्टामिन थांबवतात आणि मेंदूत शिरून तिथलंही थांबवतात. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात यानाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढून हे दाखवलं, कुठली गोळी घेतल्यावर मेंदूतल्या हिस्टामिनच्या किती जागा अडतात ते त्यांनी मोजलं. जुन्या गोळ्यांनी बऱ्याच जागा अडतात, फेक्सोफेनाडिनने जवळपास नाहीच.

आता तुमची मुलगी म्हणते झोप येत नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ४० जणांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवलं होतं, हा अभ्यास २००० साली छापून आला. एकदा डायफेनहायड्रामिन ही जुनी गोळी, एकदा फेक्सोफेनाडिन, एकदा दारू आणि एकदा काहीच औषध नसलेली गोळी असं त्याच माणसांना आलटून पालटून दिलं. जुन्या गोळीवर लोकांनी दारूपेक्षाही वाईट गाडी चालवली. आणि मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ‘मला किती गुंगी वाटतेय’ याचं लोकांनी दिलेलं उत्तर आणि त्यांनी प्रत्यक्षात गाडी कशी चालवली याचा फारसा मेळ बसला नाही. म्हणजे माणसाला स्वतःला काही जाणवत नाही आणि तरी काम बिघडतं. गणित सोडवताना एक पायरी सुटते, प्रश्न दोनदा वाचावा लागतो, काल वाचलेलं आठवत नाही, आणि मुलगी मनापासून सांगते की मला काही झालेलं नाही. तिच्यावर अविश्वास दाखवू नका, तिला खरंच कळत नसतं.

परीक्षेचाच थेट अभ्यासही आहे. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षाच्या आसपास मुलं जीसीएसईची परीक्षा देतात, आपल्या दहावीसारखी, आणि ती नेमकी उन्हाळ्यात गवताच्या परागकणांच्या सीझनला येते. समंथा वॉकर, एडिंबरा विद्यापीठाचे अझीज शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३४ मुलांची हिवाळ्यातली सराव परीक्षा आणि उन्हाळ्यातली खरी परीक्षा ताडून पाहिली, २००७ साली ते छापलं. ज्यांना परीक्षेच्या दिवसांत ॲलर्जीचा त्रास होता त्यांची ग्रेड घसरायची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि जी मुलं गुंगी आणणारं अँटिहिस्टामिन घेत होती त्यांच्यात ती ७० टक्क्यांनी जास्त. यात ज्याला जास्त त्रास तोच जास्त गोळ्या घेणार हा भाग आहेच, त्यामुळे सगळं खापर गोळीवर फोडता येत नाही हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण पहिला आकडाही विसरू नका. नुसता आजार, औषधाशिवाय, तोही मार्क खातो. रात्रभर नाक चोंदलं तर झोप कसली लागणार आणि पेपरात दर दोन मिनिटांनी रुमाल काढणाऱ्या मुलीचं लक्ष कुठून राहणार.

म्हणून ‘द्यायची की नाही’ याचं माझं उत्तर असं की उपचार द्यायचाच, फक्त तो हा नको. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मुलगी बारावीला आहे आणि आम्हाला गुंगी न आणणारं औषध हवंय. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन असे पर्याय आहेत. दर वर्षी इतके महिने त्रास होतोय तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे हा बहुतेक वेळा गोळीपेक्षा चांगला उपाय ठरतो, स्टेरॉइड म्हटल्यावर घाबरू नका, तो नाकातच काम करतो आणि झोप आणत नाही, पण त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात म्हणून तो पेपरच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही, आत्ताच विचारा. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं, ज्याला आपण जलनेती म्हणतो, त्यानेही बऱ्याच जणांना आराम पडतो, पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या. फेक्सोफेनाडिन ग्रेपफ्रूट, संत्रं किंवा सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही, साध्या पाण्यासोबत घ्यायचं. आणि कुठलंही नवीन औषध पेपरच्या सकाळी पहिल्यांदा घ्यायचं नाही, आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघायचं.

प्रश्न : आमच्या मुलाला डॉक्टरांनी मोंटेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिनची एकत्र गोळी दिलीये. रात्री घेतो म्हणजे सकाळपर्यंत असर उतरतो ना? आणि हल्ली तो फार चिडचिड करतो, रात्री दचकून उठतो, दहावीचं टेन्शन असेल असं आम्ही समजतोय. – एक वडील, कोल्हापूर

टेन्शन असेलही, पण हे वाक्य तुम्ही पत्रात सहज शेवटी लिहिलंय आणि मी ते पहिलं धरते. मोंटेलुकास्टमुळे काही जणांना वाईट स्वप्नं पडतात, झोप मोडते, चिडचिड वाढते, मन उदास होतं, क्वचित आत्महत्येचे विचारही येतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, मार्च २०२० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर सगळ्यात कडक म्हणजे चौकटीतली वॉर्निंग टाकायला लावली आणि असंही सांगितलं की नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी हे औषध बाकीच्या औषधांनी भागत नसेल तरच वापरा. बहुतेक मुलांना याचा काही त्रास होत नाही हे खरंय. पण चिडचिड आणि दचकणं गोळी सुरू झाल्यानंतरच सुरू झालं का, हे तारखा आठवून बघा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. मुलगा कधी निराशेचं, जिवाचं बरंवाईट करण्याचं काही बोलला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. मुलाला दमा असेल तर स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदला. आपल्याकडे ही जोडगोळी इतकी रुटीन झालीये की देताना कोणी हे सांगत नाही, आणि मला याचा खरोखर राग येतो, आईबापांना दोन वाक्यं सांगायला किती वेळ लागतो.

रात्री घेतल्यावर सकाळी उतरतं का, तर औषधावर आहे. लिव्होसेटिरिझिन आणि त्याचा मोठा भाऊ सेटिरिझिन हे जुन्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ बरे, पण अगदी निर्धोक नाहीत, सेटिरिझिनच्या मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांत जवळपास १४ टक्क्यांना गुंगी आली आणि खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवर ६ टक्क्यांना. क्लोरफेनिरामाइनचं तर रात्रीचं गणित चालतच नाही, मोठ्या माणसाच्या रक्तातून ते निम्मं व्हायलाच साधारण २० तास लागतात, म्हणजे रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी अकराच्या पेपरला तुमच्या मुलाबरोबर वर्गात बसलेलीच असते.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. त्याला फिट येतात, गोळी चालू आहे, वर्षभर फिट आलेली नाही. पण शाळेतले सर म्हणतात की तो मागे पडतोय, लक्ष नसतं, सांगितलेलं विसरतो. गावातले लोक म्हणतात गोळीने मेंदू मंद होतो, बंद करून टाक. काय करू? – बीड जिल्हा

दादा, पहिली गोष्ट, गोळी एक दिवसही बंद करू नका. फिटची गोळी अचानक थांबवली तर फिट एकामागून एक येऊन थांबतच नाहीत अशी वेळ येऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. गावातले लोक मायेने सांगत असतील पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

दुसरी गोष्ट, सरांचं निरीक्षण उडवून लावू नका, उलट त्यांचे आभार माना. फिटच्या काही औषधांचा शिकण्यावर परिणाम होतो हे खरं आहे. फिनोबार्बिटोन हे जुनं, स्वस्त औषध आपल्याकडे अजून भरपूर वापरलं जातं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात तापात फिट येणाऱ्या २१७ लहान मुलांवर अभ्यास झाला, १९९० साली छापला गेला. काहींना फिनोबार्बिटोन, काहींना खोटं औषध. दोन वर्षांनी औषधवाल्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी ८.४ ने कमी भरला, औषध थांबवून सहा महिने झाल्यावरही ५.२ चा फरक उरलाच होता. पुढे तीच मुलं शाळेत गेल्यावर पुन्हा तपासली तेव्हा बुद्ध्यांकातला फरक बराच कमी झालेला होता पण वाचनात ती मागे होती. आणि लहान मुलं या औषधावर पेंगतात असंच नाही, पुष्कळ मुलं उलट जास्त चुळबुळी, हट्टी होतात, त्यामुळे घरच्यांच्या डोक्यात औषधाचा विचारच येत नाही, पोरगं वाया गेलं असं म्हणून त्याला मार मिळतो. हे वाचून तुमच्यासारखा एक जरी बाप थांबला तरी मला पुरे.

टोपिरामेटवर शब्द सुचत नाहीत अशी तक्रार असते, लेव्हेटिरासेटामवर राग वाढतो. मूल काही सेकंद नुसतं टक लावून बघत राहतं त्या, म्हणजे ॲबसेन्स प्रकारच्या फिटसाठी ४५३ मुलांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, २०१० साली. त्यात एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही फिट रोखण्यात सारखीच निघाली, पण लक्ष न लागण्याचा त्रास व्हॅल्प्रोएटवर ४९ टक्के मुलांना आणि एथोसक्सिमाइडवर ३३ टक्क्यांना. फिट थांबल्या म्हणजे औषध बरोबर, एवढाच हिशोब डॉक्टरांनी करू नये हे त्या अभ्यासाने मला शिकवलं आणि मी ते दर वर्षी वर्गात सांगते.

तुमच्या मुलाची गोळी कुठली हे पत्रात नाही. म्हणून असं करा, एका वहीत गोळीचं नाव, मिलिग्रॅम, देण्याची वेळ, सुरू केल्याची तारीख लिहा, सरांकडून दोन ओळी लिहून घ्या की लक्ष कधीपासून आणि दिवसात कुठल्या तासाला कमी असतं, आणि ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. शक्यता तीन आहेत. डोस किंवा औषध बदलायची गरज असेल. नाहीतर बारीक फिट अजून येत असतील ज्या घरी कळत नाहीत, त्याला ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढावा लागेल. किंवा मुळात मुलाला शिकण्याची वेगळी अडचण असेल आणि गोळी बिचारी विनाकारण बदनाम होत असेल. यातलं काय आहे हे घरी बसून ठरत नाही.

प्रश्न : मी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आमच्या अभ्यासिकेत बरेच जण जागरणासाठी मोडाफिनिल घेतात. साइड इफेक्ट नाही म्हणतात. एकदा घेऊन बघू का?

नको घेऊस. मोडाफिनिल हे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावरचं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं शेड्यूल एचमधलं. निरोगी माणसाला ते हुशार करतं का, यावर मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये फार सुंदर काम छापलं. ४० तरुण माणसं, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि डेक्सॲम्फेटामिन ही दोन उत्तेजक औषधं आणि खोटी गोळी आलटून पालटून, आणि कामही असं दिलं की नुसतं पाठांतर नाही, ठरावीक वजन मावणारी बॅग आहे, वस्तूंची वजनं आणि किमती वेगवेगळ्या आहेत, तर जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवून दाखवा. औषधावर लोकांनी जास्त वेळ दिला, जास्त खटपट केली, आणि उत्तरं मात्र आणखी वाईट आली. त्यातही खोट्या गोळीवर जे सरासरीच्या वर होते ते औषधावर बऱ्याचदा सरासरीच्या खाली गेले. म्हणजे अभ्यासिकेत तुला जे दिसतंय की मित्र पहाटेपर्यंत हलत नाही, ते खरंच आहे, पण खुर्चीवरचे तास वाढले म्हणून पेपरातलं डोकं वाढत नाही.

आणि साइड इफेक्ट नाही हे कोणी सांगितलं? डोकेदुखी, धडधड, घाबरल्यासारखं होणं हे नेहमीचं, क्वचित अंगावर इतकी भयंकर पुरळ येते की कातडी सुटते, ॲडमिट व्हावं लागतं. अभ्यासिकेतल्या मुलींनाही सांग की गर्भनिरोधक गोळ्यांचा असर याने कमी होतो. औषध अंगात निम्मं व्हायला साधारण १५ तास लागतात, म्हणजे रात्री घेतलंस तर दुसऱ्या दिवशीची झोपही गेली, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. घर सोडून, वडिलांच्या पैशावर खोलीत राहून, वर्षानुवर्षं एका परीक्षेला बसणं किती जिवावर येतं हे मला माहीत आहे, त्यामुळे तुला मी आळशी वगैरे काही म्हणणार नाही. झोप सहा तासांच्या खाली नेऊ नकोस, एवढं ऐक. आणि पुरेसं झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील तर हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घे आणि सर्दीची गोळी चालू आहे का तेही बघ.

प्रश्न : मॅडम, मी एमबीबीएस सेकंड इयरला आहे. अँटिहिस्टामिन घेणाऱ्या होस्टेलमधल्या मुलांचे टर्मिनलचे मार्क आणि न घेणाऱ्यांचे मार्क असा आयसीएमआरच्या एसटीएससाठी (मेडिकलच्या विद्यार्थ्यांची छोट्या संशोधनाची योजना) प्रोजेक्ट करायचा विचार आहे. चालेल का?

विषय छान आहे, पद्धत बदल. टर्मिनलच्या मार्कांवर शंभर गोष्टींचा परिणाम होतो, मेस, घरची परिस्थिती, मराठी मिडियममधून आलाय का, कुणाशी भांडण झालंय, त्यात एका गोळीचा वाटा तू कसा वेगळा काढणार? ब्रिटनवाल्यांनी दोन मुलांची एकमेकांशी तुलना केली नाही, त्याच मुलाची आधीची ग्रेड आणि नंतरची ग्रेड बघितली, म्हणून त्यात दम आहे. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला फुरमन यांनी १९९३ मध्ये त्याहून चांगलं केलं, दहा-बारा वर्षांच्या मुलांना औषध देऊन कॉम्प्युटरवर एक धडा शिकवला आणि दोन आठवड्यांनी विचारलं की काय लक्षात आहे. डायफेनहायड्रामिनवाली मुलं सगळ्यात मागे पडली, ॲलर्जी असलेली पण खोटं औषध घेतलेली मुलंसुद्धा निरोगी मुलांच्या मागे होती आणि लोराटाडिनवाली त्या दोघांपेक्षा बरी.

तुला दोन महिन्यांत एवढं जमणार नाही, पण आकडे-चिन्हांची जोडी लावायची टेस्ट, अक्षरं खोडायची टेस्ट, रिॲक्शन टाइम, हे सगळं कागद-पेन्सिल आणि एका लॅपटॉपवर होतं आणि बहुतेक फार्माकॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये याची सवय असते. ज्यांना डॉक्टरांनी आधीच गोळी लिहून दिलीये त्यांचीच गोळीआधी आणि गोळीनंतर टेस्ट घे, स्वतः कुणाला औषध देऊ नकोस, ती चाचणी वेगळी, तिचे नियम कडक. एथिक्स कमिटीची परवानगी आल्याशिवाय एकाही मुलाला हात लावायचा नाही. आणि एक गोष्ट जी गाइडसुद्धा कधीकधी विसरतात, ज्या सरांच्या हातात इंटर्नल मार्क आहेत त्यांनी विद्यार्थ्यांना ‘भाग घ्या’ म्हणणं म्हणजे विचारणं होत नाही, ती सक्तीच झाली. संमती दुसऱ्याच कोणीतरी घ्यावी आणि नाही म्हणणाऱ्याचं नाव गाइडपर्यंत जाता कामा नये.

प्रश्न : साइड इफेक्ट झाला तर सामान्य माणसाने कुठे सांगायचं? डॉक्टर म्हणतात असं होत नाही. – एक वाचक, ठाणे

तुम्ही स्वतः कळवू शकता. भारतात फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या साइड इफेक्टवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि देशभरातल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांत त्याची केंद्रं आहेत, जास्त करून फार्माकॉलॉजी डिपार्टमेंटमध्येच. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी लावा. रुग्णांनी भरायचा वेगळा फॉर्म आहे, तो मराठीतही मिळतो. औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय झालं, कधी झालं, बंद केल्यावर थांबलं का, एवढं लिहिता आलं की झालं, औषधामुळेच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नाही, नुसती शंका असली तरी चालते. रुग्णाचं नाव गुप्त राहतं. आणि ‘शाळेत लक्ष लागत नाही’, ‘परीक्षेत आठवेना’ असले त्रास कळवायच्या लायकीचे नाहीत असं समजू नका, तेही त्या फॉर्ममध्ये लिहा, गोळीचं रिकामं पाकीट तोपर्यंत फेकू नका म्हणजे बॅच नंबरही देता येईल.